करड्या अंगठ्याचा हातमोजा

लिओटा वेंट्झेल माणसं मोजायची. जुलै-ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी साडेसहाला क्रेमर्स हार्बरच्या पोस्टासमोर गावाच्या फेरफटक्याला पाहुणे जमले की ती टोपी नीट करण्याच्या निमित्ताने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि आकडा मनात ठेवायची. त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी टोरांटोचा एक दंतवैद्य जुन्या बर्फघरामागे फोटो काढत बसला, भरती आली, आणि दोन तासांनी त्याला होडीतून सोडवून आणावं लागलं. त्याची बायको धक्क्यावरून त्याला जे बोलत होती ते ऐकायला निम्मं गाव जमलं होतं. तेव्हापासून लिओटाने नियमच केला की नेली तेवढी माणसं परत आणायची.

मोजणी चुकायची ती एकाच जागी. पोस्ट, चर्च, दोर वळायची शेड, सगळीकडे आकडा बरोबर यायचा. टेकडीवरच्या रिट्सींच्या घराच्या कुंपणाशी आलं, आणि त्या दिवशी समुद्रावरून धुकं चढलेलं असलं, की एक माणूस जास्त भरायचा. बारा नेलेले असले तर तेरा. सगळ्यात मागे कुणीतरी उभं असायचं. उंच, तरुण, दोन्ही हात मनगटापर्यंत खिशात खुपसलेले. खाली धक्क्यावर उतरलं की पुन्हा बारा. लिओटाने डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर बदलला. मोजणी चुकायची ती चुकतच राहिली. ती कुणाला काही बोलली नाही, कारण तो कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं. हात खिशात का, हेही आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटायचं.

लिओटा पासष्ट वर्षांची. गावात जन्मली, गावातच राहिली. गुडघ्याच्या ऑपरेशनला एकदा हॅलिफॅक्सला गेली आणि तिथल्या जेवणाला नावं ठेवत पाचव्या दिवशी परत आली. एकतीस वर्षं तिने मासळीच्या कारखान्यात उभं राहून कॉड चिरला. कॉड संपला, कारखान्याला टाळं लागलं, आणि गावात उरलं काय, तर रंगीत घरं आणि ती बघायला येणारी माणसं. आता उन्हाळ्यात आमच्याकडे अर्धे लोक पाहुण्यांना काहीतरी विकत असतात आणि उरलेले अर्धे पडद्याआडून त्या पाहुण्यांच्या चड्ड्यांना हसत असतात.

फेरफटक्याची कल्पना इतिहास मंडळाच्या डेलची. डेल चाळिशीचा, भला माणूस, नोकरीसाठी लांबून आलेला.

"लिओटा, गावातल्या चार पिढ्यांची लफडी तुला तोंडपाठ," तो म्हणाला. "नुसत्या शेजारणींना सांगून वाया का घालवतेस?"

"पाहुण्यांना सांगितली तर गावातले मला धक्क्यावर बांधून ठेवतील."

"मग मेलेल्यांची सांग. ते तक्रार करत नाहीत."

"तुला मेलेले ठाऊक नाहीत," लिओटा म्हणाली. पण तिने काम घेतलं. बोलायला तिला आवडायचंच. पाहुणे हसायचे, प्रश्न विचारायचे, जाताना तिचा हात हातात घ्यायचे. गावात तिचा हात असा कुणी फारसा घेत नसे.

दुसऱ्या उन्हाळ्यात डेल म्हणाला, "सगळं छान आहे, पण लोक भूत मागतात. खाडीपलीकडच्यांनी दोन ठेवलीत. आपल्याला एक तरी बघ."

लिओटाने घरी जाऊन चहा केला, तो समोर ठेवून गार होऊ दिला, आणि आपल्याजवळ एक भूत आहे हे स्वतःशी कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून ती रिट्सींच्या कुंपणाला टेकून करड्या बाईची गोष्ट सांगायला लागली.

"आमच्या बोटींवर डुकराचं नाव काढायचं नाही," ती सुरू करायची. "झाकण उलटं ठेवायचं नाही. आणि करडा हातमोजा आणायचा नाही. पांढरा आणा, हवे तेवढे आणा. करडा आणला तर समुद्र माणूस मागतो. का ते मला विचारू नका. मी माझ्या आजोबांना विचारलं होतं, त्यांनी मला जेवू दिलं नव्हतं." इथे लोक हसायचे. "आमच्या बायका हे हातमोजे विणतात ते हाताच्या दीडपट. चार बोटांना एक घर, अंगठ्याला वेगळं. तुम्ही बघाल तर म्हणाल, हे अस्वलाचे. पण बोटीवर गेल्यावर माणूस ते खाऱ्या पाण्यात बुडवतो, पिळतो, पायाखाली तुडवतो, पुन्हा बुडवतो. लोकर आवळत आवळत त्याच्या हाताएवढी होते, घोंगडीसारखी घट्ट. मग वारा आत शिरत नाही. तर एका बाईची पांढरी लोकर संपली. शेजारी जाऊन मागायची तर तिला कंटाळा. तिने करड्या लोकरीवर भागवलं. बोट गेली. नऊ माणसं गेली. ती बाई अजून धुक्यात या धक्क्यावर फिरते. एकटा पुरुष गाठते, समोर उभी राहते, आणि म्हणते, हात दाखव."

हे वाक्य ती अगदी हळू म्हणायची. पुढे उभा असलेला एखादा पोरगा नकळत हात पुढे करायचा, त्याची बायको किंचाळायची, मग सगळे हसायचे. लिओटाही हसायची. पण हसता हसता ती तो हात बघून घ्यायची. अकरा उन्हाळ्यांत तिने शेकडो हात बघितले. हवा होता तो त्यांत नव्हता.

गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं की ही गोष्ट कुणाची. ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे शिव्या देणारा परवडतो. गप्प बसणारा माणूस मात्र तुम्हाला चाळीस वर्षं पुरतो.

घडलं ते १९७१च्या फेब्रुवारीत. लिओटा चोवीसची, तिचा भाऊ आर्डन बावीसचा. बाप आधीच गेलेला, घरात आई ओला आणि ही दोघं. आर्डन 'मार्जरी फे' नावाच्या बोटीवर कॅप्टन टायटस रिट्सीच्या हाताखाली होता. काम चोख करायचा, पण हात त्याचे नाजूक. थंडीत कातडी चिरायची, रक्त यायचं. लहानपणी शाळेत जाताना स्वतःचे हातमोजे हरवलेले असायचेच, मग तो लिओटाच्या कोटाच्या उजव्या खिशात हात घालून चालायचा. तिला वाकडं चालावं लागायचं. ती त्याला चिमटे काढायची, पण खिसा काही मिटायची नाही.

त्या आठवड्यात त्याचे जुने हातमोजे फाटले. बोट गुरुवारी निघणार. बुधवारी लिओटा विणायला बसली. एक पुरा झाला, दुसरा अंगठ्यापर्यंत आला आणि पांढरी लोकर संपली. बाहेर दोन दिवस बर्फ पडत होतं, दुकान बंद. वर टेकडीवर तीन घरं सोडून एफी रिट्सीकडे, कॅप्टनच्या बायकोकडे, लोकर नक्की असती. जायला दहा मिनिटं लागली असती. लिओटा दमली होती, तिचे पाय ओले होते, आणि ती गेली नाही. बापाच्या जुन्या स्वेटरची बाही उसवून तिने करड्या लोकरीने अंगठा पुरा केला. फक्त अंगठा.

"दोन्ही पांढरेच ना गं?" आईने चुलीपाशी पाठ करून विचारलं.

"हो," लिओटा म्हणाली.

पहाटे आर्डनने हातमोजे घातले आणि अंगठा तिच्या नाकासमोर नाचवला. "काय गं लिओ, बुडवतेस का मला?"

"नको नेऊस मग. दे इकडे."

"आणि हात काय चहात बुडवून बसू? अंगठ्याकडे कोण बघतंय?"

"कॅप्टन बघेल."

"त्याला स्वतःचं नाक दिसत नाही," आर्डन म्हणाला आणि गेला. जाळ्यांच्या शेडमध्ये त्याने तो अंगठा बोटीवर न जाणाऱ्या चार माणसांनाही दाखवला, गंमत म्हणून. ते चौघं मागे सरले. त्यातला एक बर्फात थुंकला. शनिवारी वादळ झालं. 'मार्जरी फे'ची एक फळी सापडली, माणूस एकही नाही.

त्या चौघांनी बायकांना सांगितलं, आणि पुढच्या रविवारपर्यंत ओलाच्या कानावर गेलं. ओलाने मुलीला एक शब्द विचारला नाही. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. त्याच घरात, त्याच टेबलाशी, रोज बटाटे सोलत. लिओटाने शंभरदा तोंड उघडलं आणि मिटलं. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिचे पाय चोळताना लिओटा म्हणाली, "आई, तो अंगठा..." आईने डोळे मिटून घेतले. तेवढंच झालं.

नाताळात आमच्या चर्चमध्ये एक खोकं ठेवतात. बायका त्यात हातमोजे टाकतात, बोटीवरचे पुरुष हवे ते उचलतात. त्या वर्षी लिओटाने दोन जोड टाकले, पांढरेशुभ्र. नवीन वर्षाला ते खोक्याच्या तळाशी तसेच होते. पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी तिने सुया बांधून माळ्यावर टाकल्या. लॉर्न नावाचा एक मुलगा तिला नाचाहून घरी सोडायला यायचा. तोही बोटीवरचा होता. तो यायचा थांबला. त्याच्या आईने काय सांगितलं असेल हे लिओटाला कळलं, आणि खरं सांगायचं तर त्या आईचा तिला राग आला नाही. तिनेही आपल्या मुलाला तेच सांगितलं असतं.

तर हे भूत तिने पाहुण्यांना दिलं. त्यातला भाऊ काढून टाकला, अंगठ्याचे सबंध हातमोजे केले, आणि थकव्याचा कंटाळा केला. जागाही मुद्दाम रिट्सींच्या कुंपणाची निवडली. डेलला तिने सांगितलं की तिथून धक्का चांगला दिसतो. खरं कारण वेगळं होतं. कुंपणाच्या आत दहा पावलांवर स्वयंपाकघराची खिडकी होती, आणि खिडकीमागे खुर्चीत एफी रिट्सी बसलेली असायची. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला सगळेच काकू म्हणतात. एफीकाकू सत्त्याऐंशीची, पाय गेलेले, कान मात्र शाबूत. माझ्यामुळे तुमचा नवरा गेला, हे तोंडावर म्हणायचा धीर लिओटाला कधी झाला नाही. म्हणून ती रोज संध्याकाळी त्या खिडकीखाली दुसऱ्याच बाईचं नाव घेऊन कबुली द्यायची. पडदा हलायचा. कधी कुणी काही बोललं नाही.

बाराव्या उन्हाळ्यात, जुलैच्या एका दमट संध्याकाळी, तेरा पाहुण्यांत एक गव्हाच्या मुलखातली बाई होती. धिप्पाड, खांद्याला विणकामाची पिशवी, चालतानाही सुया चालू. धुकं दाट होतं. लिओटाने गोष्ट संपवली, कुणीतरी किंचाळलं, सगळे हसले. ही बाई हसली नाही.

"एक सांगा," ती सुयांवरून नजर न काढता म्हणाली, "बोट तर माणसांसकट बुडाली. मग ते हातमोजे बोटीवर होते हे कुणी बघितलं?"

"भुताला विचारा ना!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा झाला.

एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. आर्डनने हातमोजे घातले, घरातून निघाला, बोट बुडाली. यात विचारायचं काय? ती नुसती म्हणाली, "आमच्याकडे असं कुणी विचारत नाही." मग तिने सवयीने मोजलं. तेरा होते, चौदा भरले. मागचा तो, खिशात हात घालून, मान खाली घालून उभा होता.

माणसं उतारावर वळली तेव्हा खिडकीच्या काचेवर काठी वाजली.

"लिओटा!" पडदा बाजूला झाला होता. "उद्या सकाळी ये. चहाला. एकटी ये, ही वरात आणू नकोस."

रात्रभर लिओटाला वाटत राहिलं की आता म्हातारी बोलणार. शेवटी एकदाची शिवी देणार. त्या शिवीची ती इतकी वर्षं वाट बघत होती, तरी सकाळी टेकडी चढताना ती दोनदा मागे वळली.

एफीकाकूच्या स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती. शनिवारी मुलगा तिला वृद्धाश्रमात नेणार होता. टेबलावर काकवीचा तपकिरी पाव होता, लोणी होतं, आणि एक गंजलेला बिस्किटांचा डबा.

"बस. पाव खा. शेजारणीने भाजलाय, दगड आहे, पण खा." एफीकाकू तिच्याकडे बघत नव्हती. "कालची ती बाई कोण होती?"

"पाहुणी. तिकडची, गव्हाच्या मुलखातली."

"समुद्र न बघितलेली बाई येते आणि तिला जे सुचतं ते या गावात कुणाला सुचलं नाही. तुला पण नाही. अकरा वर्षं माझ्या खिडकीखाली बोंबलतेस, जरा डोकं वापरायचं होतंस."

"काकू, मला बोलायचं तर बोला. मी त्यासाठीच आलेय."

"मी काय बोलणार? डबा उघड."

डब्यात जुना टॉवेल होता, आणि टॉवेलात हातमोजे. लिओटाने ते उचलण्याआधीच ओळखले. आपलं विणकाम माणूस आपल्या अक्षरासारखं ओळखतो. एक पांढरा, दुसरा पांढरा, आणि त्याचा अंगठा करडा. तिने एकात हात घातला. हात आत हरवला, बोटांपुढे चार बोटं जागा उरली. लोकर मऊ होती, ढिली, जशी सुईवरून उतरली तशी. तिने ती नाकाशी नेली. मिठाचा वास नव्हता, माशाचा नव्हता. ही लोकर आवळलेलीच नव्हती.

"हे पाण्यात गेले नाहीत," लिओटा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "काकू, हे बोटीवर गेलेच नाहीत."

"नाही गेले." एफीकाकूने काठी मांडीवर आडवी घेतली. "तुझा भाऊ त्या सकाळी टायटसला बोलवायला आला होता, बोट तयार आहे म्हणून. तू बसलीस तिथे टायटस बसला होता. त्याने अंगठा बघितला. म्हणाला, काढ ते, माझ्या बोटीवर हे येणार नाही. पोरगा म्हणाला, कॅप्टन, माझी बहीण रात्रभर बसून विणत होती. टायटस म्हणाला, मग ते सुके राहू देत, परत आल्यावर घाल. आणि माझ्याकडे फेकले. तुला द्यायला सांगितले होते. पोरगा हसला. 'लिओ माझा जीव घेईल' म्हणाला, आणि खिशात हात खुपसून टेकडी उतरला. मी या खिडकीतून बघत होते."

चुलीवरची किटली शिट्टी वाजवायला लागली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मग दिले का नाहीत?" लिओटाने विचारलं.

"त्या सकाळी सहाच्या बातम्यांना वादळाचा इशारा दिला होता. मी ऐकला, टायटसने ऐकला. मी म्हटलं, नको जाऊस. त्याने रेडिओ बंद केला. दुसऱ्या दोन बोटी आधीच निघाल्या होत्या, आणि हा मागे राहिला असं कुणी म्हणायला नको होतं त्याला. त्या दोन वेळेत परत फिरल्या. हा फिरला नाही. माझे दोन मुलगे शाळेत होते. त्यांच्या बापाने आठ माणसं बुडवली असं त्यांनी मैदानात ऐकायचं? त्याच आठवड्यात गाव हातमोजे हातमोजे करायला लागलं. मी काहीच केलं नाही, लिओटा. मी फक्त गप्प बसले."

लिओटाला वाटलं होतं, कधी हे ओझं उतरलंच तर आपण रडू, मोकळ्या होऊ. तसं काही झालं नाही. तिला राग आला, इतका की तिने टेबलाची कड धरून ठेवली.

"एकेचाळीस वर्षं, काकू."

"मी पण मोजलीत."

"मला नाही तर नाही. माझ्या आईला सांगायचंत! ती मला खुनी समजून मेली. माझ्या हातचं खात होती आणि मला खुनी समजत होती."

"ओला चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायची," एफीकाकू म्हणाली. "एकोणीस वर्षं मी तिची मान बघत बसले. दर रविवारी ठरवायचे, आज सांगते. मग माझे मुलगे दोन्ही बाजूंना येऊन बसायचे. माफी मागत नाही मी. मागितली तर तुझ्यासारखीला द्यावी लागेल, आणि मला ती नको. घेऊन जा ते. वृद्धाश्रमात मी ते नेणार नाही."

लिओटाने हातमोजे कोटात कोंबले. दारापर्यंत गेली, परत आली, किटली चुलीवरून उतरवली आणि मगच बाहेर पडली.

दिवसभर ती चिडून घर झाडत होती. आईच्या खुर्चीसमोर उभी राहून दोनदा मोठ्याने म्हणाली, "ऐकलंस का? नेलेच नव्हते." खुर्ची खुर्चीच्या जागी होती. साडेसहाला ती पोस्टासमोर गेली, कारण पाहुणे जमणार होते आणि डेलला ऐनवेळी दुसरं कुणी मिळालं नसतं. चौदा माणसं. चर्च, दोरांची शेड, मग टेकडी. धुकं कालच्यापेक्षा दाट, आणि जुलै असून दातावर दात वाजवणारं. पाहुण्यांनी आपापल्या जॅकेटच्या टोप्या डोक्यावर ओढल्या.

रिट्सींच्या कुंपणाशी तिने डुक्कर सांगितलं, झाकण सांगितलं, आजोबा सांगितले. लोक हसले. मग ती म्हणाली, "एका बाईची पांढरी लोकर संपली. ती बाई मी."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. लिओटाने कोटातून हातमोजे काढून वर धरले. तिने अंगठ्याचं सांगितलं, आईला दिलेलं उत्तर सांगितलं, आर्डनचं नाव घेतलं. कॅप्टनने ते बोटीवर येऊ दिले नाहीत हेही सांगितलं. रेडिओचं ती बोलली नाही. खिडकीचा पडदा उघडा होता, आणि त्या म्हातारीचे मुलगे आता नातवंडवाले झाले होते. तेवढं आपल्यापाशीच राहिलं तरी चालेल असं तिला वाटलं.

"म्हणजे भूत नाहीच?" पिवळ्या टोपीतल्या एका माणसाने जरा नाराजीने विचारलं.

लिओटाने मोजलं. पंधरा. तो मागे उभा होता, उंच, खांदे वर काढलेले, हात मनगटापर्यंत खिशात. इतकी वर्षं ती समजत होती की तो करडा अंगठा लपवतोय, तिला लाज वाटू नये म्हणून. पण त्याच्याजवळ तो हातमोजा नव्हताच. त्याच्याजवळ काहीच नव्हतं. तो फेब्रुवारीत उघड्या हातांनी ही टेकडी उतरला होता, आणि बोटीवर कुणी त्याला दुसरे दिले की नाही हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

त्याला थंडी वाजत होती. एवढीच गोष्ट होती, आणि ती तिला एकेचाळीस वर्षं कळली नव्हती.

"चला," ती म्हणाली. "खाली जाऊ."

धक्क्यावर तिने पुन्हा मोजलं. चौदा. प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला, पिवळ्या टोपीवाल्याने सुद्धा, आणि ते आपापल्या गाड्यांकडे गेले. उजेड अजून होता. लिओटा बोटी ओढून घेतात त्या उतारावर गेली, दुखरा गुडघा जपत खाली बसली आणि हातमोजे पाण्यात बुडवले. पाणी जुलैतही बर्फासारखं. तिने ते पिळले, दगडावर आपटले, पायाखाली तुडवले, पुन्हा बुडवले. बोटं लाल झाली, मग बधिर झाली. लोकर आधी फुगली, मग हळूहळू आवळायला लागली. दर थोड्या वेळाने ती एक हातमोजा समोर धरून बघायची आणि म्हणायची, "अजून मोठा आहे रे, थांब." माप घ्यायला तिच्यापाशी काही नव्हतं. पण बावीस वर्षांच्या मुलाचा तो हात केवढा होता हे तिच्या हातांना बरोबर आठवत होतं, आणि तेवढा झाल्यावर ती थांबली.

मग तिने हातमोजे पिळून कोटाच्या उजव्या खिशात ठेवले आणि घराकडे निघाली. खिसा मिटू नये म्हणून तिने तो एका बोटाने उघडा धरला होता, आणि त्यामुळे तिला घरापर्यंत जरा वाकडं चालावं लागलं.